पुढचे दोन, मागचे दोन

बाप गेला आणि गाडी दोघांत आली.
लाल, बुटकी, दोनच माणसांची,
इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांत.
वकिलाने अर्धी-अर्धी लिहून दिली,
कापायची कुठून ते लिहिलं नव्हतं.
लव्रो म्हणाला, पुढची बाजू माझी.
त्सिल्का म्हणाली, बरं.

मी येसेनित्सेत टायर बसवतो. बत्तीस वर्षं.
हाताचा रबराचा वास जेवतानाही जात नाही.

एप्रिलमध्ये लव्रोने दोन नवे आणले,
शर्यतीच्या जातीचे,
नख दाबलं तर खूण राहावी इतके मऊ.
मी विचारलं, मागचे?
"ते तिचे."

शनिवारी ती आली.
कोटाच्या बाहीवर पीठ होतं, बेकरीतून थेट.
मागच्या टायरवरून तळवा फिरवून म्हणाली,
"नक्षी आहे की अजून."
नक्षी होती.
मी बॅटरी धरून कडेवरचे चार आकडे दाखवले :
सदतिसावा आठवडा, साल बारा.
कुठल्याशा सप्टेंबरात जन्मलेलं रबर
बोटाने ठोकलं तर लाकडासारखं वाजायचं.
"नव्याचे किती?"
मी सांगितलं.
पहाटे तीनला उठणाऱ्या बाईने
तो आकडा मनात पावांत मोजला असावा.
पर्स उघडलीच नाही.

मी सांगून पाहिलं दोघांनाही :
पुढचे म्हातारे झाले तर गाडी हट्ट धरते,
तुम्ही चाक वळवा, ती नाक फुगवून सरळ जाते,
पण आधी कुरकुरते.
पाय सैल सोडा, ऐकते.
मागचे म्हातारे झाले तर
काही सांगत नाही.
पुढच्याला ठेच, मागचा शहाणा,
हे माणसांत चालत असेल.
इथे पुढच्याला ठेच लागतच नाही,
तो रस्ता मुठीत धरून वळतो
आणि मागच्याला बातमी
उशिरा कळते.

लव्रो हसला. "नाक बघ कसं वळतं, लोण्यात सुरी."
खरं होतं ते.
तेच तर.

जूनमध्ये पाऊस. व्हर्शिचचा घाट,
प्रत्येक वळणाला नंबर,
वळणावळणात जुने दगड बसवलेले,
ओले झाले की माशाच्या पाठीसारखे.
तो वरून क्रान्यस्का गोऱ्याकडे उतरत होता.
सतराव्या वळणात नाक आत शिरलं, छान, नेमकं,
मग त्याला वाटलं, जरा जास्तच,
आणि त्याने पाय उचलला.
एवढंच.
वजन पुढे गेलं, मागची बाजू हलकी झाली,
आणि शेपूट त्याच्या खांद्यावरून पुढे आली,
आवाज न करता, म्हणतो तो.
मग लाकडी कठडा.
मग लव्रो, धडधाकट, इंजिन बंद,
ज्या घाटातून उतरत होता त्याच्याकडेच तोंड करून,
आणि रस्त्यापलीकडे चार मेंढ्या, चघळत.

टो करून आणली तेव्हा पाहिलं :
पुढे ओरखडासुद्धा नाही.
दिवा, बंपर, रिम, सगळं मागचं,
सगळं नुकसान तिच्या अर्ध्यात.
"तुझा भाग गेला," म्हणाला तो,
आणि माझ्या जॅकभोवती
दोघं तासभर भांडली,
टायरवरून सुरू झाली,
बापाच्या शेवटच्या हिवाळ्यात
दवाखान्यात कोण किती वेळा गेलं तिथवर पोचली.
मागचे पाढे पंचावन्न.
मी रेडिओ मोठा केला.

तो मिशी पुसत बाहेर सिगारेटला गेला, तेव्हा
त्सिल्काने त्याच्या नव्यात नख रोवलं.
मग जुन्यात.
मग पुन्हा नव्यात.
"चारही एकाच जातीचे लावा," म्हणाली,
"मधले. फार मऊ नकोत."
पुढच्या मापाचे वेगळे, मागचे रुंद, मी म्हणालो, पण जात एक.
"पुढच्यांचं बिल माझ्या नावावर करा."
मागचे कोण देणार ते बोलली नाही.
लव्रोने दिले, तीन हप्त्यांत,
दर वेळी नाणी मोजून, जणू मीच ठोकली गाडी.

जुन्या दोनांतला एक ती घेऊन गेली,
सायकलला मागे बांधून, पुलावरून डगमगत.
कशाला, ते विचारलं नाही.
तिच्या बापासमोर
ते मीच बसवले होते.